गोळी तिची, गजर माझा

सकाळी दात घासताना माझ्या मुलीच्या हातातला ब्रश उडायचा. पडायचा नाही, उडायचा. कुणी खालून कोपराला धक्का द्यावा तसा. आरशावर पेस्टचे शिंतोडे आणि ब्रश बेसिनच्या मागे. सहा-सात महिने हे चाललं होतं आणि दर वेळी मी तिला एकच ऐकवत होते, "लक्ष कुठे असतं गं तुझं?" मग एका सकाळी, रात्री दीडपर्यंत जागून उठल्यावर, तिला मोठी फिट आली. तेव्हा ती १४ वर्षांची होती. पुढच्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टनी ईईजीचा, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखाचा, कागद बाजूला सारला आणि तिलाच विचारलं, "उठल्याउठल्या हातातून वस्तू सुटतात का?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

त्या उत्तरावर तिचं औषध ठरलं. म्हणून ज्यांच्या घरात हे नुकतंच सुरू झालंय त्यांना मी पहिली गोष्ट गोळ्यांबद्दल सांगतच नाही. आधी एक वही घ्या आणि गेल्या वर्षभरातलं आठवेल ते सगळं लिहून काढा.

कारण अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येणं, हा एक आजार नाही, ती बरीच मोठी बिरादरी आहे. काहींच्या फिट मेंदूच्या एका भागातून सुरू होतात, काहींच्या दोन्ही बाजूंनी एकदम. माझ्या मुलीच्या प्रकाराला ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. साधारण १२ ते १८ या वयात सुरू होते, सकाळी हातांना झटके बसतात आणि जागरण झालं की मोठी फिट येऊ शकते. आता गंमत अशी की कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटोईन ही एका भागातून सुरू होणाऱ्या फिटवरची चांगली, जुनी औषधं, पण आमच्या प्रकारात तीच झटके वाढवू शकतात. मी ब्रशची गोष्ट 'वेंधळेपणा' म्हणून गिळून टाकली असती, तर ती माहिती डॉक्टरांपर्यंत पोचलीच नसती.

वहीत काय लिहायचं? फिट कधी आली, झोपेतून उठल्यावर की दिवसा, आदल्या रात्री किती तास झोप झाली होती, ताप होता का, पाळी जवळ होती का. सुरुवात कशी झाली: एकाच हातापासून की सगळं अंग एकदम? डोळे उघडे होते की मिटलेले? मान कुठे वळली? घड्याळ पाहून किती मिनिटं? नंतर किती वेळ भांबावलेली होती, जीभ चावली गेली का, कपडे ओले झाले का. याशिवाय ज्यांना आपण फिट समजत नाही अशा गोष्टी: बोलता बोलता पाच-दहा सेकंद कुठेतरी हरवणं, एकाएकी विचित्र वास येणं, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटणं. मैत्रिणींना विचारा. त्यांनी पाहिलेलं असतं, त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

आणि व्हिडिओ. पोटचं पोर तडफडत असताना फोन धरायला हात धजत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी शेजारी दुसरं कुणी असेल तर त्यांना सांगा. डॉक्टरांनी मला नंतर स्पष्ट सांगितलं की अर्ध्या मिनिटाचा हलता-डुलता व्हिडिओ माझ्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा कामाचा. ईईजी स्वच्छ आला म्हणून हुरळून जाऊ नका, हेही त्यांचंच. फिट येणाऱ्या माणसाचा ईईजी एखाद्या वेळी अगदी नॉर्मल येऊ शकतो. तो काढला त्या वेळेत मेंदू शांत होता, एवढंच त्यातून कळतं.

पहिलं औषध निवडताना

आमच्यासमोर तीन नावं होती: व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम आणि लॅमोट्रिजिन. माझी अपेक्षा होती की डॉक्टर एक चिठ्ठी लिहितील आणि आम्ही घरी जाऊ. तसं झालं नाही. मुलगी असेल तर तसं होऊही देऊ नका.

व्हॅल्प्रोएट या प्रकारात फार चांगलं लागू पडतं. पण गर्भारपणात ते घेतलं गेलं तर दहातल्या सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. ब्रिटनमध्ये तर जानेवारी २०२४ पासून नियमच आहे की ५५ वर्षांखालच्या कुणालाही, बाई असो की पुरुष, हे औषध नव्याने सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांचं एकमत लागतं. १४ वर्षांच्या मुलीसमोर हे बोलणं सुरू झालं तेव्हा माझे कान तापले. "आत्ताच कशाला हे?" असं माझ्या तोंडून निघालंसुद्धा. डॉक्टर म्हणाल्या, "औषध आत्ता ठरतंय म्हणून." खरं होतं. या गोळ्या दोन-चार महिन्यांच्या नसतात. आज सुरू केलेलं औषध दहा वर्षांनीही चालू असू शकतं. ज्यावर पोरगी स्थिरावली ते तेव्हा बदलायचं म्हणजे पुन्हा फिटची जोखीम.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट कळली, जी मला कधी सुचलीच नसती. कार्बामाझेपिन, फेनिटोईन यांसारखी काही औषधं गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतात. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत उलटं होतं: इस्ट्रोजेन असलेली गोळी त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यापर्यंत खाली आणू शकते. अशी गोळी पाळीच्या त्रासासाठीही दिली जाते. म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेलात तर तिथे फिटच्या औषधाचं नाव सांगायचं आणि परत आलात की इथे त्या गोळीचं. फॉलिक अ‍ॅसिड सुरू करायचं का, हेही मुलीच्या बाबतीत विचारून घ्या.

लॅमोट्रिजिनची अडचण वेळेची. ते फार हळू वाढवावं लागतं, पूर्ण मात्रेला पोचायला दीड-दोन महिने जातात. घाई केली तर अंगावर पुरळ येण्याचा धोका वाढतो, आणि ते पुरळ क्वचित जीवघेणंही ठरतं. सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर लॅमोट्रिजिन रक्तात दुपटीने साठतं, म्हणून मात्रा आणखी कमी ठेवतात. कार्बामाझेपिनचं नाव निघालं तर एका जनुकाची तपासणी विचारा, एचएलए-बी १५०२. आशियाई वंशाच्या काही लोकांत तो असतो आणि असला तर त्या औषधाने त्वचेची भयंकर प्रतिक्रिया होऊ शकते. ही तपासणी पहिली गोळी घेण्याआधी करायची असते.

आम्ही लेव्हेटिरासेटाम घेतलं. मात्रा लवकर वाढवता येते, इतर औषधांशी फारसं भांडत नाही. भांडण होतं ते घरच्यांशी, पण ते पुढे येईल.

डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांपैकी मला सगळ्यात उपयोगी पडला तो हा: "हे औषध लागू पडतंय की नाही हे आपण किती दिवसांनी आणि कशावरून ठरवणार?" या प्रश्नाने उगाचची धाकधूक निम्मी होते. नाहीतर दुसऱ्या दिवशी झटका बसला की आपण 'औषध फेल' म्हणून मोकळे होतो, आणि तेव्हा मात्रा अजून पायरीवरसुद्धा चढलेली नसते.

सुरुवातीचे दोन महिने

तिला सकाळ-रात्र २५० मिलिग्रॅमने सुरुवात झाली आणि दोन आठवड्यांनी ५००. प्रत्येकाचा आकडा वजनावर आणि औषधावर ठरतो, म्हणून माझा आकडा उचलू नका. मात्र पद्धत उचला. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला: तारीख, सकाळी किती, रात्री किती, कोणत्या दिवशी वाढवायचं. दाराच्या आत अशासाठी की घरी कुणी आलं तर ते वाचायला मिळू नये. ही तिची अट होती आणि रास्त होती.

तिसऱ्या आठवड्यात तिने वहीचा गठ्ठा जमिनीवर आपटला. मी विचारलं होतं, "जेवायला येतेस ना?" एवढंच. त्यानंतर रोज काहीतरी. दार आपटणं, मग एकदम रडणं, मग "मला कळत नाही मी अशी का करतेय". घरात सगळे म्हणाले, वयच तसं आहे. मीही तेच म्हणत होते, जसं ब्रशच्या वेळी 'लक्ष नाही' म्हणत होते. मग तिचं ते शेवटचं वाक्य मी वहीत लिहिलं आणि लिहिताना थांबले. वयात आलेल्या मुली चिडतात, पण चिडल्यावर आपण का चिडलो याचं त्यांना सहसा उत्तम कारण सापडतं. हिला सापडत नव्हतं.

लेव्हेटिरासेटामने काहींचा स्वभाव चिडका होतो, मन खचतं. हे चिठ्ठीवर नसतं, पण डॉक्टरांना पाठ असतं. फोन केला. त्यांनी आधी विचारलं ते आम्ही विचारायला कचरतो ते: स्वतःला काही करून घेण्याचं बोलते का? २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फिटच्या सगळ्याच औषधांबद्दल हा इशारा दिला होता. चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार वा तसं वागणं हजारी सुमारे चार जणांत आढळलं, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत हजारी सुमारे दोन. आकडा लहान आहे, पण प्रश्न सरळ विचारायचा. विचारल्याने असले विचार डोक्यात शिरत नाहीत. मी तिला रात्री दिवा मालवल्यावर विचारलं, अंधारात चेहरे दिसत नाहीत तेव्हा. "नाही गं आई. फक्त सगळ्यांचा राग येतो." तसे विचार आहेत असं उत्तर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही, आणि मुलाला एकटं ठेवायचं नाही.

डॉक्टरांनी मात्रा वाढवण्याचा वेग कमी केला. महिन्याभरात धार बरीच बोथट झाली. काहींची होत नाही, मग औषध बदलतात. तेही ठीकच आहे. मात्र एक लक्ष्मणरेषा आहे: कितीही वैताग आला तरी गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही. अचानक बंद केलं तर फिटवर फिट येत राहण्याचा धोका असतो, जो आधीपेक्षाही वाईट. बदलायचं झालं तरी साधारणपणे नवं चढवत जुनं उतरवतात.

त्याच दिवशी फोन करण्यासारखं दुसरं म्हणजे अंगावरचं पुरळ, विशेषतः पहिल्या आठ आठवड्यांत, आणि त्याबरोबर ताप, तोंडात फोड, डोळे लाल, गाठी सुजणं असलं तर फोनही नको, थेट इस्पितळ. व्हॅल्प्रोएटवर असलेलं मूल सारखं ओकत असेल, सुस्त पडलं असेल किंवा उगाच अंगावर निळे डाग उठत असतील, तर तेही ताबडतोब. बाकी मंद त्रास वहीत लिहून पुढच्या भेटीला नेले तरी चालतात. टोपिरामेटवर शब्द पटकन न सुचणं, बोटांना मुंग्या, भूक मरणं. व्हॅल्प्रोएटवर वजन वाढणं, केस गळणं, हात कापणं. या वयात केस गळणं हा मंद त्रास नाही हे मात्र ध्यानात ठेवा. आपल्याला क्षुल्लक वाटतं, आणि त्याच कारणाने गोळी बेसिनमध्ये जाते.

चष्म्याच्या घरातल्या सात गोळ्या

सहा महिने छान गेले आणि सकाळचे झटके परत आले. मी वही घेऊन डॉक्टरांकडे. "औषध कमी पडतंय." त्या मात्रा वाढवायच्या बेतात होत्या. पेन टेकवण्याआधी त्या मुलीला म्हणाल्या, "आठवड्यात किती वेळा राहून जाते गं गोळी? सगळ्यांचीच राहते." 'घेतेस ना नीट?' असं नाही विचारलं. राहते हे गृहीत धरून, किती तेवढंच विचारलं. पोरगी म्हणाली, "दोन-तीनदा."

घरी आल्यावर तिने जुन्या चष्म्याचं घर आणून माझ्यासमोर उघडलं. सात गोळ्या. मी मोजल्या, दोनदा. मला ओरडायचं होतं. त्याऐवजी (माझं श्रेय नाही, नवऱ्याने खांद्यावर हात ठेवला म्हणून) मी विचारलं, "सगळ्या सकाळच्याच?" सगळ्या सकाळच्याच होत्या. सकाळची गोळी घेतली की पहिल्या तासाला तिला पेंग येई, एकदा वर्गात डोकं बाकावर टेकलं आणि सगळे हसले. ज्या दिवशी पहिला तास महत्त्वाचा त्या दिवशी गोळी चष्म्याच्या घरात. रात्रीची एकही चुकली नव्हती.

डॉक्टरांनी एकूण मात्रा तीच ठेवली आणि सकाळची थोडी कमी करून रात्रीची तेवढी वाढवली. पेंग गेली. वाढीव औषध लागलंच नाही. विचार करते, तिने सांगितलं नसतं तर आम्ही मात्रा वाढवली असती, पेंग वाढली असती आणि चष्म्याच्या घरात आणखी गोळ्या जमल्या असत्या.

म्हणून माझा ठाम सल्ला: लपवलेली गोळी सापडली तर आधी पाहा, ती कोणत्या वेळेची आहे. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

त्या रात्री तिने मला आणखी एक सुनावलं. "तू 'घेतलीस का?' विचारतेस ना, ते पोलीस विचारतात तसं." मग आम्ही सगळी व्यवस्था बदलली. सात वारांची, दोन खणांची डबी. रविवारी रात्री ती भरते, मी समोर बसते पण हात लावत नाही. खण रिकामा दिसला की घेतली, विचारायचं नाही. डबी बेसिनवर, ब्रशशेजारी, कारण दात दोन्ही वेळा घासले जातातच. न्हाणीघरात दमट असेल तर खोलीत ठेवा. गजर साडेसातचा, सकाळी आणि रात्री. लेव्हेटिरासेटाम रक्तातून सहा ते आठ तासांत निम्मं होतं, म्हणून दोन मात्रांत साधारण बारा तास हवेत. लॅमोट्रिजिन सावकाश उतरतं, निम्मं व्हायला सुमारे एक दिवस. आपल्या औषधाचा हा आकडा विचारून घ्या, 'अर्धा तास उशीर झाला' म्हणून काळजाचं पाणी होणं थांबतं. गजर आता तिच्या फोनवर आहे. माझ्या फोनवरचा मी काढलेला नाही, आवाज तेवढा बंद केलाय.

डोस चुकला तर काय, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आठवेल तेव्हा घ्यायची, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची, आणि सांगितल्याशिवाय दोन एकदम घ्यायच्या नाहीत, असा ढोबळ नियम. आमच्यासाठी त्यांनी सहा तासांची रेघ आखून दिली. गोळीनंतर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा द्यायची, तेही त्यांनी लिहून दिलं. तुमच्या औषधाला दुसरा नियम असू शकतो. लॅमोट्रिजिन पाचपेक्षा जास्त दिवस सुटलं तर परत पूर्ण मात्रेने सुरू करत नाहीत, तळापासून चढवावं लागतं. अशा वेळी आधी फोन.

गोळ्या संपत आल्यात हे शेवटच्या पाकिटाला कळून उपयोग नाही. दोन आठवड्यांचा साठा उरला की आणायच्या. आणि शक्यतो त्याच कंपनीच्या. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये याची वर्गवारीच करून दिली: फेनिटोईन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटल आणि प्रिमिडोन यांची कंपनी बदलू नये असं स्पष्ट सांगितलं, लेव्हेटिरासेटामबाबत तेवढी काटेकोर गरज नाही म्हटलं. तरीही रंग-आकार बदलला की पोरगी गोंधळते, म्हणून आम्ही टाळतो. हळूहळू विरघळणारी लांब असराची गोळी असेल तर ती कुटून किंवा चावून खायची नाही, सगळं औषध एकदम सुटतं. गिळायला जमत नसेल तर पातळ औषध मिळतं का विचारा.

दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी औषध घेताना, दाताच्या डॉक्टरांकडेसुद्धा, फिटच्या गोळीचं नाव सांगायचं. क्लॅरिथ्रोमायसिन कार्बामाझेपिनचं प्रमाण वाढवतं. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि वेदनेवरचं ट्रॅमाडॉल फिट येणं सोपं करू शकतात. सर्दीवरच्या झोप आणणाऱ्या काही गोळ्याही. ऑपरेशनच्या आधी उपाशी राहायला सांगितलं म्हणून सकाळची गोळी टाळायची नाही. घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, ते भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा.

फिट आलीच तर

आली तर घड्याळ पाहा, हे पहिलं. डोक्याखाली मऊ काहीतरी, आसपासच्या टोकदार वस्तू दूर, आणि जमेल तितक्या लवकर कुशीवर. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, बोट नाही, चमचा नाही, पाणी नाही, गोळी नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते. पाच मिनिटं झाली की ती आपली आपण थांबेल या भरवशावर राहायचं नाही: रुग्णवाहिका, आणि लिहून दिलं असेल तर तातडीचं औषध. आमच्याकडे नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा आहे. काहींना ते गालाच्या आत सोडायला देतात, काहींना गुदद्वारातून डायझेपाम. शुद्धीवर न येता दुसरी फिट आली, पाण्यात आली, डोक्याला मार लागला, श्वास नीट परतला नाही, तर पाच मिनिटांचीही वाट पाहू नका.

शाळेला एका पानावर हे सगळं लिहून द्या: फोटो, फिट कशी दिसते, पाच मिनिटांचा नियम, फवारा कुठे आहे, आमचे फोन. फवाऱ्यावरची अंतिम तारीख स्वतः पाहा, शाळा पाहत नाही. वर्गात कुणाला सांगायचं ते तिने ठरवलं: दोन मैत्रिणी आणि खेळाच्या बाई. बस्स.

झोप हा आमच्या प्रकारात औषधाचाच भाग आहे, आणि तोच सगळ्यात अवघड. परीक्षेच्या काळात मी गोळीपेक्षा दिवा कधी मालवला याकडे लक्ष देते. मोठी झाल्यावर दारूचंही तेच: दारू आणि जागरण ही जोडी या प्रकारात वाईट. न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही, दारावर पाटी लावलीय 'आत माणूस आहे'. टबापेक्षा शॉवर. पोहायला जाताना शेजारी पोहता येणारं जाणतं माणूस.

आणि एक गोष्ट मी स्वतःहून विचारली नव्हती, डॉक्टरांनी सांगितली. फिट येणाऱ्या माणसाचा क्वचित अचानक, बहुधा झोपेत, मृत्यू होऊ शकतो. मुलांमध्ये वर्षाला साडेचार हजारांत सुमारे एक, मोठ्यांमध्ये हजारांत सुमारे एक. मोठ्या फिट जितक्या जास्त तितका धोका जास्त, म्हणजे त्या थांबवणं हाच त्यावरचा उपाय. त्या रात्री मी झोपले नाही. पण मुलीने हे ऐकल्यावर चष्म्याचं घर टाकून दिलं, हेही खरं. तिला घाबरवायला सांगितलं नव्हतं, तिच्या शरीराबद्दल तिलाच सगळ्यात शेवटी कळू नये म्हणून सांगितलं.

पहिलं औषध लागू पडलं नाही तर

जवळजवळ निम्म्या लोकांच्या फिट पहिल्याच औषधाने थांबतात. दुसरं धरून साधारण साठ टक्के लोकांच्या. नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत नियमित घेतलेली दोन औषधं करूनही फिट चालू राहिल्या, तर तिसरं-चौथं वर्षानुवर्षं चाखत बसू नका. त्याला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणतात आणि तेव्हा अपस्माराच्या खास केंद्रात तपासणी करून घ्यायची असते, शस्त्रक्रिया किंवा विशिष्ट आहार असे मार्ग तिथे तपासतात. पण 'नियमित घेतलेली' या शब्दांवर बोट ठेवा. चष्म्याचं घर आठवा.

लेव्हेटिरासेटामची रक्ततपासणी आमच्याकडे नेहमी करत नाहीत. व्हॅल्प्रोएटला यकृत आणि रक्तातल्या पेशी, ऑक्सकार्बाझेपिनला सोडियम, फेनिटोईनला औषधाचं प्रमाण बघतात. वजन मात्र दर भेटीला. दीड वर्षात ती सात किलो वाढली, मात्रा जुन्याच वजनाची राहिली असती.

किती वर्षं, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला जातोच. सर्वसाधारणपणे दोन वर्षं फिट नसल्या की औषध उतरवायचं का, यावर बोलतात, आणि उतरवलं तरी महिनोन्‌महिने हळूहळू. आमच्या प्रकारात औषध काढल्यावर फिट परतण्याचं प्रमाण बरंच असतं, म्हणून डॉक्टर घाई करत नाहीत. ती आता १६ वर्षांची आहे, मोठी फिट येऊन १७ महिने झाले.

गेल्या दोन भेटींपासून डॉक्टर तिला पाच-दहा मिनिटं एकटीला आत घेतात. त्या स्वतः म्हणाल्या नसत्या तर मीच सुचवायला हवं होतं. दारू, मुलं, गोळी चुकवणं हे आईसमोर कोण विचारणार? पहिल्या वेळी मी बाहेरच्या बाकावर मांडीवर वही घेऊन बसले होते, उगाच पानं चाळत. ती बाहेर आली.

"काय विचारलंस?"

"गाडी कधी चालवता येईल ते. फिट नसल्याला किती महिने झाले हे परवान्याला लागतं म्हणे, आपल्याकडचा नियम बघायचाय."

"आणि?"

"आणि अजून एक. ते नाही सांगणार."

मी वही तिच्याकडे दिली. झटक्यांची तारीख तीच लिहिते आता.